घडीला तीन गुण

तेलीबांधा, रायपूर
सोमवार, ६ जानेवारी २०२५

ती. कलाताईस,
लोकेशचा सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे इकडे ठीक आहोत. साक्षीचा गुडघा थंडीत कुरकुर करतो. तिची स्वतःची कुरकुर बारमाही आहे. तुझी, भाऊजींची आणि पिंकीची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. विचारायला दुसरी सोय तू ठेवलेली नाहीस. व्हॉट्सॲपवर तू मला बंद केलंस. फोन केला तर पिंकी उचलते आणि म्हणते, "मामाजी, मम्मी घर पे नहीं है," आणि मागून तुझाच आवाज येतो, "सांग त्याले, बाजारात गेली म्हणून." दीक्षाभूमीला दरवर्षी आपण एका डब्यात बसून जातो. या वेळी तू भाकरी आणि ठेच्याचा डबा घेऊन पुढच्या बोगीत चढलीस आणि आम्ही नागपूर येईपर्यंत स्टेशनावरचे थंडगार समोसे खाल्ले. साक्षी अजून त्यावरून मला बोलते. म्हणे, बहिणीशी भांडायचं तर डबा हातात आल्यावर भांडावं.

म्हणून हे टपालाचं पत्र. बीरगांव इथून तासाभराचा रस्ता आहे, पण मी आलो तर तू दार लावशील. पत्राचं तसं नसतं, ते दाराच्या फटीतूनही आत जातं. आणि हिंदी शाळेत शिकलेल्या पोरांना मराठी हस्ताक्षर वाचता येत नाही, तेव्हा मजकूर तुझ्यामाझ्यात राहील.

आधी कामाचं. आमच्या दवाखान्याच्या चादरी धुण्याचं टेंडर पुन्हा निघालं आहे. शेवटची तारीख २७ जानेवारी. ही काही आतली बातमी नाही, शुक्रवारच्या पेपरात छापून आली आहे. तुझ्या महिला धुलाई समूहाने ते भरावं, एवढंच माझं मागणं. पिंकी सांगत होती की तू म्हणालीस, त्या दवाखान्याची पायरी मी आता मेली तरी चढत नाही. ताई, राग माझ्यावर काढ, पण अकरा बायकांचं काम घालवू नकोस. उरला औद्योगिक वसाहतीतल्या दोन कारखान्यांनी स्वतःच्या मशिनी लावल्या आणि तुमच्याकडे युनिफॉर्म येणं बंद झालं, हेही मला पिंकीकडूनच कळलं. होळीपर्यंत मोठं काम मिळालं नाही तर भाड्याची शेड सोडावी लागेल ना? मग हट्ट कशाला.

मागच्या वेळी ज्या फर्मला काम मिळालं तिचं काय झालं ते ऐक, तेवढंच तुला बरं वाटेल. पहिल्या महिन्यात चादरी ओल्याच यायला लागल्या. विचारलं तर म्हणे, "साहब, बरसात है." ऑक्टोबरात विचारलं तरी बरसातच होती. मग एकदा लाल ब्लँकेट सगळ्यांबरोबर मशीनमध्ये टाकलं आणि पुरुष वॉर्डाच्या साठ चादरी गुलाबी होऊन आल्या. सर्जन साहेबांचा हिरवा गाऊन कुठल्याच रंगाचा राहिला नाही. एका गाठोड्यात कोण्या हवालदाराची खाकी पँट निघाली, कडक इस्त्री केलेली. त्या फर्मने अख्ख्या ठेक्यात नीट धुतलेला तो एकच कपडा. हवालदार तिसऱ्या दिवशी शोधत आला आणि आम्ही पंचनामा करून ती परत दिली.

शेवटी रुग्णांनीच घरून चादरी आणायला सुरुवात केली. कोणाच्या चादरीवर मोर, कोणाच्या वाघ, कोणाच्या सूर्यफुलं. बेडचे नंबर कोणी बोलेना. सिस्टर ओरडतात, "शेर वाले को इंजेक्शन लगा दिया?" आणि दोन वॉर्डांत मिळून पाच वाघ. नोव्हेंबरात वरून पाहणीला मोठे साहेब आले, त्यांच्यासाठी आम्ही दवाखान्याच्या चादरी घातल्या. खळ इतकी कडक की एक म्हातारा नमस्काराला उठला तर चादरही त्याच्यासोबत उठून बसली. साहेबांनी तिथेच विचारलं, "ये किसने पास किया था?" सगळ्यांनी फाईल शोधायला घेतली. डिसेंबरात ठेका रद्द झाला.

तुला वाटेल, सरकारला नुसतं स्वस्त पाहिजे असतं. पूर्वी तसंच होतं. ज्याचा भाव कमी त्याचं काम, मग झाडू मारणारा वर्षभर न आला तरी चालेल. आता तसं नाही. शंभरातले सत्तर गुण कामाच्या दर्जाला, तीस भावाला. चादर धुऊन दाखवायची, समिती पाहते, हुंगते, हात लावते, गुण देते. नियम फार चांगला आहे. तुझे चादरीमागे एकवीस रुपये होते, त्यांचे अठरा, तरीही तू केवळ पाऊण गुणाने मागे राहिलीस. समितीत तीन माणसं असतात, तिघांची नजर तीन तऱ्हेची. त्यात नशिबाचाही भाग असतो.

जूनमध्ये मी जिलेबी घेऊन तुझं सांत्वन करायला आलो आणि "घडीत काही कमी राहिलं असेल" एवढंच म्हणालो, तर तू जिलेबीसकट मला बाहेर काढलंस. चूक माझीच. सांत्वनाला गेलेल्या माणसाने कारणं सांगू नयेत. झालं ते झालं. टेंडर भर.

तुझा,
लोकेश

*

बीरगांव
१३ जानेवारी

चि. लोकेश यास,
जय भीम आणि आशीर्वाद. आशीर्वाद रिवाज म्हणून लिहिला आहे, त्याचा जास्त अर्थ काढू नको.

मी बोलते तशीच लिहिते, तुझ्यासारखं पुस्तकी मले जमत नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं. हवालदाराच्या पँटवर हसू आलं, ते खरं सांगते. मग शेडमध्ये बायकांना वाचून दाखवलं, त्या पण हसल्या. हसून झाल्यावर एकीने विचारलं, "दीदी, उनको पास किया अउ हमला फेल काबर करिन?" मग कोणीच हसलं नाही, आम्हाले फेल काहून केलं हेच सगळ्या विचारू लागल्या.

तुले वाटते मी रागानं टेंडर भरून नाही राहिली. तसं नाही. कारखान्याचे युनिफॉर्म तू पाह्यले नाही का? ग्रीस, काजळी, लोखंडाचा चुरा. ते आम्ही दहा वर्षं काढले. मग तुमच्या हळदीचा आणि आयोडीनचा डाग आम्हाले निघत नाही असं कोणी म्हणेल तर तोंडावर म्हणावं. मागच्या वेळी दवाखान्यानं दिलेल्या त्या दहा डागाच्या चादरी आम्ही तीन पाण्यातून काढल्या. दोन दिवस उन्हात उलटसुलट केल्या. घड्या तर मी एकटीनं घातल्या, दुसऱ्या कोणाले हात लावू दिला नाही.

आता कान देऊन वाच. पिंकीने ऑगस्टमध्ये माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता. ऑक्टोबरात कागद आला. फर्मची नावं नाहीत, ए, बी, सी आहे. एकवीसच्या भावावरून कळलं, आम्ही सी. डाग निघण्याचे दहापैकी नऊ, नऊ, नऊ. वासाचे नऊ, आठ, नऊ. घडीचे नऊ, नऊ, तीन.

तीन, लोकेश. आपली पिंकी पहिलीत होती तेव्हा तिनं रुमालाची घडी घातली असती तर तिलेही मी पाच दिले असते.

सदस्य क्रमांक तीनचं नाव काळ्या शाईनं झाकलं आहे. पिंकीनं कागद उजेडात धरून पाह्यला, नाही दिसलं. तू त्याच दवाखान्याच्या स्टोअरमध्ये बसतो, तुले नक्की माहीत असेल. मले त्याचं नाव सांगजो. भांडण करणार नाही. घरी जेवायला बोलवीन, पोटभर जेवू घालीन, आणि हात धुतल्यावर त्याच्यासमोर चादर टाकीन. म्हणीन, बापू, आता तू घाल घडी, आम्ही गुण देतो.

नाव सांगितलं तर टेंडर भरते. नाही सांगितलं तर नाही भरत, मग शेड सुटली तर सुटली. ज्या माणसाले घडी कळत नाही तो पुन्हा समितीत बसला असेल तर तीन पाण्यांची मेहनत कशाले करू.

आणि एक गोष्ट. कागद आम्हाले ऑक्टोबरात भेटला. तू जूनमध्ये जिलेबी घेऊन आला तेव्हाच म्हणाला, घडीत कमी राहिलं असेल. तुले जूनमध्ये काहून माहीत होतं?

उत्तर पाठवजो.

तुझी मोठी बहीण,
कलावती रामटेके

*

तेलीबांधा
शुक्रवार, १७ जानेवारी

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मंगळवारीच हाती आलं. (टपाल खातं एवढ्या लवकर पोचवायला लागलं आहे याची मला कल्पना नव्हती, नाहीतर विचार करायला अजून दोन दिवस मिळाले असते.) साक्षीने विचारलं, "काय म्हणते वन्सं?" मी म्हटलं, बरी आहे. ती म्हणाली, "बरी आहे म्हणून तुमी तीन दिवसांपासून वरणात मीठ घालायचं विसरून राहिले का?" या आठवड्यात वरण मी करतो, तिचा गुडघा धरला आहे.

सदस्य क्रमांक तीन तुझ्या ओळखीचा आहे. स्वभावाने वाईट नाही. घाबरट आहे, आणि थोडा हौशी आहे. तुझ्या घरी तो पुष्कळदा जेवला आहे.

मीच तो, ताई.

आता पुढचं वाच, पत्र फाडू नकोस. फाडायचंच तर शेवटपर्यंत वाचून फाड, कारण शेवटी एक काम आहे.

नोकरीला तेवीस वर्षं झाली. तेवीस वर्षांत मी समित्यांना फायली पोचवल्या, पाणी पोचवलं, खुर्च्या पोचवल्या. मागच्या मे महिन्यात अधीक्षक डॉक्टर सौमित्र देवांगन म्हणाले, "मेश्राम जी, चादर की समिति में स्टोअर वाला आदमी होना चाहिए, आप बैठिए." ते स्वतः, लेखा शाखेच्या मोनाली मॅडम, आणि मी. टेबलावर माझ्या नावाची पाटी होती. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल. चहा कपबशीतून आला. तू हसशील, पण मी ती पाटी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवली आहे.

मग फर्मचे कागद उघडले आणि तिसऱ्या पाकिटातून तुझी सही निघाली. तू टेंडर भरणार हे तू मला सांगितलंच नव्हतंस. तिथेच रकाना अकरा होता. निविदाकाराचा कोणी जवळचा नातेवाईक या दवाखान्यात नोकरीला आहे काय? पिंकीच्या गोल अक्षरात उत्तर: नहीं. खाली तुझी सही, नेहमीसारखी, शेवटी रेघ ओढलेली.

मला ते लागलं, ताई. आज लिहितो म्हणून कळतंय की किती लागलं. मोनाली मॅडमनी आम्हा तिघांपुढे एकेक छापील कागद सरकवला. त्यावरही तेच, उलट बाजूने. कोणत्याही निविदाकाराशी माझं नातं आहे किंवा नाही. हात वर करून म्हणायचं होतं, साहेब, ही माझी बहीण, मला उठू द्या. पण उठलो असतो तर पाटीही उठली असती. आणि मनात आलं, हिनेच 'नाही' लिहिलंय ना, मग मी कशाला 'हो' लिहू. मी "नहीं" वर खूण केली आणि सही केली. समोरचा चहा गार व्हायच्या आत हे सगळं उरकलं.

तिथून पुढे मी रोज इमानदार होत गेलो. तुला सांगतो, खोटी सही केलेल्या माणसाइतका इमानदार माणूस सरकारी ऑफिसात सापडणार नाही. मनाशी ठरवलं की बहिणीला एक गुणही जास्त द्यायचा नाही. वीस दिवसांनी धुतलेल्या चादरी आल्या. साहेबांनी कागद काढून गठ्ठ्यांना ए, बी, सी नावं दिली, म्हणजे कोणाचं कोणतं हे कळू नये. सीचा गठ्ठा उघडला आणि वरच्याच चादरीला कान होता.

तुला सांगायला नको. बाबा रेल्वेच्या बेडरोल गोदामात होते तेव्हा रविवारी आपल्या दोघांना पलंगावर समोरासमोर उभं करून शिकवायचे. शेवटच्या घडीला कोपरा दोन बोटं बाहेर ठेवायचा, म्हणजे दिवे मालवलेल्या डब्यात कडा शोधावी लागत नाही. बाबा म्हणायचे, "कान धरला की चादर ऐकते." रायपूरात अशी घडी घालणारे तीनच जण होते. तुळशीराम मेश्राम गेले, उरलो आपण दोघं.

डॉक्टर साहेबांनी तो कान पकडला, चादर एका झटक्यात उघडली आणि म्हणाले, "अरे वाह, ये बढ़िया है. नाईट वाली सिस्टर दुआ देगी." मोनाली मॅडम पण म्हणाल्या, छान आहे. दोघांनी नऊ लिहिले. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण कपड्यातला जाणकार मी. मला वाटलं, माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं दिसतंय. मी म्हणालो, "सर, कोना बाहर है. घडी असमान है. ये दोष है." आणि तीन लिहिले.

बाबांच्या घडीला मी दोष म्हणालो. त्या दिवसापासून चादर हातात आली की मला बाबांची आठवण येते आणि स्टोअरकीपरच्या हातात दिवसातून दोनशे चादरी येतात.

अजून एक आहे, तेही लिहून टाकतो. एच्या चादरी पांढऱ्याशुभ्र होत्या. साहेब म्हणाले, "बिलकुल नई जैसी!" नई जैसी कशाला, नव्याच होत्या. त्यांनी आपल्या डागाच्या चादरी फेकून दिल्या आणि बाजारातून दहा नव्या आणून दवाखान्याचा शिक्का मारून पाठवल्या. मिलच्या खळीचा वास मला हात न लावता आला. आता बोललो तर एच्या विरुद्ध, म्हणजे सीच्या बाजूने, म्हणजे बहिणीच्या बाजूने बोलल्यासारखं होईल, म्हणून मी गप्प बसलो. म्हणजे बघ, एक खोटी खूण केली, तर तिची राखण करायला खरं बोलायचीही सोय राहिली नाही. त्या गप्प बसण्यामुळे पुढे चार महिने लोक वाघावर झोपले.

मी नऊ दिले असते तर काम तुझं होतं. मी गुणांची बेरीज करून पाहिली आहे, तू करू नकोस. नियम खराब नव्हता, ताई. सत्तर दर्जाला, तीस भावाला, सगळं बरोबर होतं. दर्जा समोर होता आणि पाहणाऱ्याने डोळे मिटले. तुझ्या शेडमधल्या त्या बाईला सांग की तुम्हाला फेल करणारा माणूस चादरी पाहून नाही, स्वतःला वाचवायला फेल करत होता. मला माफ कर. हे तोंडावर म्हणायची छाती नव्हती म्हणून सात महिने जिलेबी, फोन आणि समोशात गेले.

आता काम. साहेबांना द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. सी फर्मच्या कलावती रामटेके माझ्या सख्ख्या भगिनी आहेत, मी मेमध्ये खोटी सही केली, मला या टेंडरच्या समितीतून काढावं, आणि एच्या चादरींची चौकशी करावी. बुधवारपासून तो शर्टाच्या खिशात आहे. देत का नाही, तर माझ्यासाठी नाही. मी खरं सांगितलं की रकाना अकरामधलं तुझं "नहीं"सुद्धा उघडं पडतं. खोटी माहिती दिली म्हणून तुझ्या समूहाला टेंडरमधून कायमचं बाद करू शकतात. नाही दिला तर पाटीवर पुन्हा माझंच नाव येणार आहे, आणि पुन्हा मला तुझ्या घडीला गुण द्यावे लागतील. नऊ दिले तरी ते खोट्या सहीचे नऊ. दोन्हीकडून तुझंच नुकसान दिसतं आणि दोन्हीकडे माझाच हात.

तू सांगशील तसं करतो. देऊ की नको, एवढं एका ओळीत कळव. शिव्या दुसऱ्या ओळीत घाल.

तुझा अपराधी,
लोकेश (सदस्य क्रमांक तीन)

*

बीरगांव
शनिवार, २५ जानेवारी

लोकेश,
जय भीम.

तू एका ओळीत उत्तर मागितलं. एका ओळीत मले काही जमत नाही, म्हणून मी स्वतःच जाऊन आली.

तुझं पत्र सोमवारी आलं. वाचलं आणि अर्धा दिवस कपाटातल्या सगळ्या चादरी काढून पुन्हा घड्या घालत बसली. तुझे भाऊजी घाबरले, त्यांनी विचारलं कोणी गेलं का. मी म्हणाली, नाही, एक जण परत आला, पण मले अजून त्याचं तोंड पाहायचं नाही. राग आला, खूप आला. घडीला दोष म्हणाला तो तर अजून आहे. बाबा असते तर तुले चादरीत गुंडाळून रेल्वेच्या गोदामात ठेवलं असतं.

पण रकाना अकरा माझा आहे, लोकेश. तिथं "नाही" मी लिहवलं. पिंकी म्हणत होती, "मम्मी, मामा तो हैं ना वहाँ." मी म्हणाली, लिही 'नाही'. वाटलं तुझ्या नोकरीले डाग लागू नये. आणि दुसरं, जिंकली तर भावाच्या जोरावर जिंकली असं कोणी म्हणू नये. म्हणजे तुझ्यासारखीच मीही इमानदारीनं खोटं बोलली. आपल्या घरात हे कुठून आलं कोण जाणे, बाबा तर असे नव्हते.

तू स्वतःच्या खोट्याची सही मले विचारून मागं घेणार होता. मी माझी कोणाले विचारून घेऊ? मंगळवारी, २१ तारखेले, सकाळी साडी बदलली, पिंकीले घेतलं आणि तुमच्या दवाखान्याची पायरी चढली. तू त्या दिवशी रजेवर होता, वरण शिजवून राहिला असशील. वॉर्डातून जाताना दोन वाघ आणि एक मोर मी स्वतः पाह्यले. तुझ्या पत्रात वाघ बारीक वाटले होते, चांगले मोठे आहेत.

देवांगन साहेब भले माणूस दिसले. मी सगळं सांगितलं, तुझं आणि माझं. त्यांनी कपाळाले हात लावला. मग म्हणाले, "बहन जी, मतलब भाई ने भी 'नहीं' लिखा और बहन ने भी 'नहीं'?" मी म्हणाली, हव साहब. ते म्हणाले, "लोग रिश्तेदारी छुपाकर फायदा उठाते हैं. आप दोनों ने छुपाकर क्या पाया?" मी म्हणाली, त्याले टॉवेलवाली खुर्ची भेटली, मले काही नाही. ते हसले, पण लगेच गंभीर झाले. मोनाली मॅडमले बोलावून नियमाचं पुस्तक काढलं. आमच्या समूहाले लेखी चेतावणी भेटली, पुन्हा खोटं लिहिलं तर तीन वर्षं बाहेर. नवीन टेंडर खरं लिहून भरता येते. समितीत या दवाखान्याचं कोणीच नाही, दुसऱ्या दवाखान्याचे तिघे येतील. ए फर्मच्या चादरींची चौकशी लागली.

तुले नोटीस निघणार आहे. एक वेतनवाढ जाईल असं मॅडम म्हणाल्या. तुझा अर्ज खिशात सडवू नको, मी सांगून आली की सोमवारी तो स्वतः आणून देईल. तो मेमध्येच द्यायचा होता. तुझ्या वतीनं मी माफी मागितली नाही, ते तुझं तू पाहा.

टेंडर काल भरलं. पिंकी म्हणे भाव कमी करू, मी नाही म्हणाली. तीन पाण्यातून काढायच्या चादरीले दोन पाण्याचा भाव कसा लावू? बायकांनाही विचारलं, त्याही नाही म्हणाल्या. शेवटी किती लावला ते तुले सांगणार नाही, तू आता नातेवाईक आहेस. काम भेटेल की नाही माहीत नाही. नाही भेटलं तर होळीनंतर शेड सुटेल, ते मी बायकांना सांगून ठेवलं आहे. पण यावेळी जो कोणी तीन देईल तो परका असेल, त्याच्याशी मी मन मोकळं करून भांडीन.

रकाना अकरा मी पिंकीच्या हातानं नाही, माझ्या हातानं भरला. नातेवाईक आहे काय: हो. नाव: लोकेश तुळशीराम मेश्राम. नातं: सख्खा लहान भाऊ. त्याखाली आणखी एक ओळ होती, संबंधाचं स्वरूप लिहा म्हणून. पिंकी म्हणाली, "छोड़ दो मम्मी, उसमें कोई कुछ नहीं लिखता." मले जागा कोरी सोडायची सवय नाही. मी लिहिलं: सात महिने बंद होते, २१ जानेवारीपासून सुरू.

तुझी, सरकारी कागदावर आणि बाहेरही,
ताई